अकरा नंबरची पिशवी

१

शिवणकाम करणारी ती बाई सोमवारी दुपारी पावणेदोन वाजता गेली. पडून मांडीचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन नीट झालं होतं, टाके सुकत आले होते. अंगात रक्त कमी आहे, एक पिशवी चढवू आणि शुक्रवारी घरी सोडू, असं ठरलेलं. सकाळी दहाला पिशवी लावली. साडेदहाला तिला हुडहुडी भरली. नवरा शेजारीच होता. त्यानं आधी पांघरूण सारखं केलं, मग स्वतःचा कोट तिच्या अंगावर घातला. सिस्टरनं धावत येऊन पिशवी बंद केली, तेव्हा आत तिसरा हिस्सा रक्त शिल्लक होतं. त्यानंतर ताप चढत गेला, रक्तदाब ढासळत गेला, आणि कोटाखाली काही उरलं नाही.

गुरुवारी इस्पितळाच्या अधीक्षकांनी मास्तरांना बोलावून घेतलं.

मास्तरांनी रक्तपेढीच्या कामाला लागणाऱ्या माणसांना एकतीस वर्षं शिकवलं होतं. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती. पुस्तकात डोकं खुपसून बसावं, कुणी काही विचारलंच तर आधी चष्मा पुसावा, असा स्वभाव. 'खात्रीनं' हा शब्द त्यांच्या तोंडून कुणी ऐकला नव्हता. विद्यार्थी पाठीमागे त्यांना 'बहुधा मास्तर' म्हणत, आणि मास्तरांना ते माहीत होतं. बहुधा.

"पिशवीतल्या रक्तात जिवाणू सापडलेत," अधीक्षक म्हणाले. "रक्त गरम जागी पडून राहिलं की जिवाणू वाढतात, हे तुम्हीच शिकवलंत. पेढीतल्या ताईंनी पिशवी टेबलावर विसरली असणार. शनिवारी दहा वाजता तुमचा लेखी अहवाल हवा. तो आला की प्रकरण पोलिसांकडे देऊन आपण मोकळे."

"विसरली, की विसरली असणार?" मास्तरांनी हळूच विचारलं.

"ते तुम्ही लिहायचं."

मास्तरांनी चष्मा पुसला. "या कामाला माझ्यापेक्षा कुणीतरी तरुण…"

"पिशवी प्रयोगाच्या कपाटातली होती. अकरा नंबर," अधीक्षक कागद सारखे करत म्हणाले. "आणि प्रयोग तुमच्या भाच्याचा. परका माणूस आणला तर तो कुठेही बोट ठेवील. आपल्या माणसाला कळतं, बोट कुठं ठेवायचं नाही ते."

२

रक्तपेढीत शिरताच ताईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि हातातल्या काचनळ्या जाळीत ठेवल्या. अठरा वर्षं ती या खोलीत काम करत होती. सगळं इस्पितळ तिला ताई म्हणे. मास्तरांची मात्र ती विद्यार्थिनी.

"तुम्ही आलात ते माझं बरं करायला की वाईट, ते आधी सांगा मास्तर. चहा त्या हिशेबानं टाकते."

"मलाच माहीत नाही गं."

"मग अर्धा कप." तिनं खुर्ची पुढे सरकवली. हसली नाही.

तिचं सांगणं सरळ होतं. सोमवारी साडेनऊला वॉर्डातून चिठ्ठी आली. बी निगेटिव्ह रक्त हवं. नेहमीच्या कपाटात त्या गटाची पिशवी नव्हती. एकच होती, ती अडीच आठवड्यांपूर्वी फुटली. प्रयोगाच्या कपाटात अकरा नंबर होती, आणि बाईनं प्रयोगाचं रक्त घ्यायला आधीच सही दिली होती. ताईंनी रक्त जुळवून पाहिलं, पावणेदहाला पिशवी वॉर्डातल्या मावशींच्या हाती दिली.

"टेबलावर किती वेळ होती?"

"दहा मिनिटं. बारा धरा. मास्तर, मला घरी दोन मुली आहेत आणि झोपून असलेली सासू. मी इथं काही विसरत नाही, कारण इथं विसरलं तर तिकडे चूल बंद."

मास्तरांनी प्रयोगशाळेचा कागद खिशातून काढून पुन्हा वाचला. अधीक्षकांनी बहुधा पहिलीच ओळ वाचली होती. खाली जिवाणूची जात लिहिली होती. ती गारठ्यात पोसणारी जात होती. पिशवी फ्रीजमध्ये ठेवावी आणि यांनी तिथं सावकाश संसार थाटावा, असले. पण इतके व्हायला तीन-चार आठवडे लागतात. टेबलावरच्या बारा मिनिटांचं हे काम नव्हे.

म्हणजे पिशवी कपाटातच नासली होती. मग प्रश्न वेगळा होता.

"रंग?" त्यांनी विचारलं. "रोज सकाळी बघतेस ना?"

ही त्यांचीच शिकवण. सकाळी आल्यावर कशालाही हात लावायच्या आधी कपाट उघडायचं आणि नुसतं बघायचं, आई झोपलेल्या पोरांवरून नजर फिरवते तसं. एखादी पिशवी शेजारच्यांपेक्षा काळपट दिसली तर आत काहीतरी जिवंत आहे आणि ते रक्तातला ऑक्सिजन खातंय, असं समजायचं. विचार करत बसायचं नाही, काढायची.

"अठरा वर्षांत तीन पकडल्यात," ताई म्हणाली. "रोज बघते. नेहमीचं कपाट."

"आणि प्रयोगाचं?"

तिनं खोलीच्या टोकाला बोट दाखवलं. दुसऱ्या कपाटाच्या दारावर छापील कागद चिकटवला होता. 'या पिशव्यांचा गडद रंग हा दोष नसून गुण आहे. रंगावरून पिशवी काढून टाकल्यास कारवाई होईल.' खाली भाच्याची सही, त्याखाली अधीक्षकांची.

"पहिल्याच आठवड्यात मी दोन फेकल्या होत्या. काळ्या दिसल्या म्हणून. त्याचं हे बक्षीस. चिकटवायलाही मलाच लावलं." तिनं कपाटाकडे पाठ केली. "सगळ्याच काळ्या, मास्तर. काळ्या म्हशींच्या गोठ्यात काळी म्हैस काय ओळखायची? खरं सांगू? गेले आठ आठवडे मी त्या कपाटाकडे बघतच नाही. बघायचं नाही, असं लेखी आलंय."

३

जिन्याखालच्या बाकावर मेलेल्या बाईचा नवरा बसला होता. तो सोमवारपासून रोज सकाळी यायचा आणि संध्याकाळी जायचा. भांडत नव्हता, रडत नव्हता. येणाऱ्या-जाणाऱ्या पांढऱ्या कोटाला एकच विचारायचा, "कशानं गेली, ते कळलं का?" मास्तर कोटात नव्हते, तरी त्यांनाही त्यानं विचारलं. "अजून नाही," मास्तर म्हणाले, आणि घाईनं वर चढले.

वॉर्डातली सिस्टर तोंडानं तिखट होती. "माझ्यावर संशय घ्यायचा तर रांगेत या. अधीक्षक झाले, मोठे डॉक्टर झाले. पिशवी आली, दोघींनी नाव-गट वाचला, लावली. खिडकीत-बिडकीत ठेवली नाही. तो नवरा बघत होता सगळं. माणूस कसला, भिंतीवरचं घड्याळ आहे तो."

"संशय नाही," मास्तर ओशाळून म्हणाले. "मला तुमचे डोळे हवेत. थोडा वेळ."

मास्तरांच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला होता, डावा अजून पिकत होता. त्यामुळे त्यांना जग दोन रंगांत दिसे. उजव्यानं निळसर स्वच्छ, डाव्यानं जुन्या वर्तमानपत्रासारखं. पुस्तकं वाचायला त्याचं काही अडत नसे. पण शिल्लक रक्ताची ती पिशवी, जी प्रयोगशाळेच्या फ्रीजमध्ये सीलबंद डब्यात होती, ती त्यांनी सकाळी बघितली तेव्हा उजव्या डोळ्याला एक गोष्ट दिसली होती आणि डाव्याला दिसली नव्हती. कुणावर विश्वास ठेवावा, हे त्यांना ठरवता येईना. उजवा डोळा आपलं मन राखायला काहीही दाखवील, अशी त्यांना भीती होती.

सिस्टरला प्रयोगशाळेत नेऊन त्यांनी डबा उघडला आणि पिशवी प्रकाशात धरली. तिच्या तोंडाशी हातभर नळी होती, जागोजागी चिमटा मारून बंद केलेली, मण्यांच्या माळेसारखी. रक्त घेतानाच ही नळीही भरते आणि लगेच मिटवतात. पुढे जुळवणीसाठी तिचाच एकेक तुकडा कापतात. पिशवीत आणि नळीत रक्त एकाच माणसाचं, एकाच घटकेचं. पण एकदा मिटवल्यावर या खोलीतलं त्या खोलीत जात नाही.

"पिशवीचा रंग सांगा. मग नळीचा."

सिस्टर वाकली. "पिशवी वांग्याच्या सालीसारखी. नळी पिकल्या टोमॅटोसारखी. भाजी घ्यायला निघालात काय मास्तर?"

मास्तरांनी डबा मिटला. "सोमवारी लावताना नळी अशीच लाल होती? की मग झाली?"

"तेव्हाही होती. मी नळी गुंडाळून चिकटवते, लोंबकळत राहिलेली मला खपत नाही. तेव्हा मनात आलं, पिशवी एवढी काळी आणि शेपूट कसं ताजं." तिनं त्यांच्याकडे निरखून पाहिलं. "बसा जरा. तुमचा चेहरा उतरलाय."

मास्तर बसले. पलीकडच्या इमारतीत भाच्याची खोली होती. ते चार मिनिटांचं अंतर होतं आणि त्यांना ते चालवेना.

४

भाचा अकरा वर्षांचा असताना मास्तरांच्या घरी आला. त्याची आई, म्हणजे मास्तरांची धाकटी बहीण, शेवटची दोन वर्षं दर महिन्याला रक्त घेऊन जगली. कधी ताजं मिळे, मग ती पंधरा दिवस हिंडायची-फिरायची. कधी चाळीस दिवसांचं मिळे, आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा अंथरूण. मुलानं ते कॅलेंडरवर खुणा करून ठेवलं होतं. पुढे तो शिकला तो याच एका गोष्टीसाठी.

"या मामा," तो उठून म्हणाला. अडतिसाव्या वर्षी कानशिलं पांढरी झाली होती. "ताईंचं वाईट वाटतं. पण आता काय."

"मला नीट समजावून सांग. मी विसरलो."

मास्तर काही विसरले नव्हते, पण भाचा समजावायला लागला की सुंदर बोलत असे. रक्तात लोखंड असतं, तो म्हणाला, आणि लोखंड असलं की गंज आलाच. फ्रीजमध्ये ठेवलेल्या पिशवीत ऑक्सिजन असतो. तो दिवसागणिक लाल पेशींना गंजवतो. पेशीचं कवच चिवट होतं, मग फुटतं. चाळिसाव्या दिवशी आपण माणसाला अर्धं रक्त देतो आणि अर्धा गंज. त्याच्या यंत्रातून रक्त आधी जायचं, ऑक्सिजन निघून जायचा, आणि मग ते पिशवीत आणि नळीत भरायचं. वर हवाबंद पारदर्शक पाकीट, पाकिटात ऑक्सिजन शोषणारी पुडी. ऑक्सिजन नाही म्हणून रक्त काळपट. काळपट, पण तरुण.

"बारा पिशव्या, ताईंनी फेकलेल्या दोन सोडून. एक बिघडली तर चालते, दोन बिघडल्या तर प्रयोग बंद. चार नंबर गेली. बाकीच्या झकास." त्यानं टेबलावरची वही पुढे केली. "न्या ही, अहवालाला जोडा. दर तीन दिवसांनी प्रत्येक पिशवीचा गडदपणा मोजलाय. दहापैकी."

मास्तरांनी पानं उलटली. सगळ्या रकान्यांत नऊ, नऊ, नऊ. अकराच्या रकान्यात एका तारखेला एकदम तीन. मग पुन्हा तीन, चार, सहा, आठ, नऊ.

"हे काय झालं?"

"पाकीट सैल झालं होतं, हवा शिरली. मी परत सील केलं." भाच्याचे डोळे चमकले. "पण पुढचं बघा ना. रक्त पुन्हा गडद होत गेलं. यंत्राशिवाय, मामा. नुसती पुडी पिशवीच्या प्लॅस्टिकमधून ऑक्सिजन ओढून घेते. म्हणजे यंत्र लागणारच नाही. कुठल्याही खेड्यातली पेढी हे करू शकेल. अकरा नंबर माझा हिरा होता."

आठच्या आकड्याखाली त्यानं दोनदा रेघ मारली होती.

मास्तरांनी 'तीन'वरची तारीख पाहिली. अठरा दिवसांपूर्वीची होती.

"लिहिताना हात आखडू नका," भाचा दारापर्यंत सोडायला आला. "बाई वाईट नाही. पण चूक ती चूक."

५

शुक्रवारी सकाळी मास्तर पेढीच्या मोठ्या नोंदवहीसमोर बसले.

पिशवीवरचं लेबल सोलता येतं, दुसरं लावता येतं. पण नळीच्या प्लॅस्टिकवर कारखान्यातच आकडा छापलेला असतो, दर चार बोटांवर तोच. रक्त घेताना तो वहीत उतरवतात आणि मग त्याकडे कुणी ढुंकून पाहत नाही. प्रयोगाच्या यादीत अकरा नंबरपुढे एक आकडा होता. डब्यातल्या नळीवरचा आकडा दुसराच होता. मास्तरांनी तो तीनदा वाचला, उजव्या डोळ्यानं, डाव्यानं आणि भिंगानं.

मग एकेक पान मागे जात त्यांनी तो मोठ्या वहीत शोधला. दुपारी सापडला. गट बी निगेटिव्ह. रक्त देणारा एका शाळेतला चित्रकलेचा शिक्षक. पिशवी नेहमीच्या कपाटातली. आणि त्या ओळीवर लाल शाईनं, भाच्याच्या वहीतल्या 'तीन'चीच तारीख घालून, लिहिलं होतं: 'फुटली. फेकून दिली.'

म्हणजे जी पिशवी फेकली गेली होती, तीच सोमवारी बाईच्या अंगात गेली.

लाल नोंदीखाली सही ताईंची होती.

अधीक्षकांना हवी ती गोष्ट त्यांच्या हातात आयती आली होती. ताईचा प्रयोगावर राग होता, तो कागद दारावर होताच, आणि आता तिच्या हातचा पुरावा. त्यांच्या मनाचा एक कोपरा सैल झाला. तो सैल झाला याची त्यांना नंतर आयुष्यभर लाज वाटायची होती.

त्यांनी ताईला हाक मारली आणि ओळीवर बोट ठेवलं.

ती वाचून म्हणाली, "हो, माझीच. प्रयोगाच्या डॉक्टरांनी, तुमच्या भाच्यांनी, तुलना करायला म्हणून नेहमीच्या कपाटातून एक पिशवी मागून नेली होती. तासाभरानं परत आले. हातातून निसटून फुटली म्हणाले. कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत गुंडाळून आणली होती, सगळं रक्तानं माखलेलं. आकडा त्यांनी सांगितला, मी लिहिला."

"तू उघडून पाहिलीस?"

ती वहीची कड सारखी करू लागली.

"नियम आहे," मास्तर म्हणाले.

"तुम्हीच शिकवलाय. फेकायची पिशवी दोघांनी डोळ्यांनी बघायची." तिनं लाल ओळीवरून बोट फिरवलं. "डॉक्टर सांगतायत म्हटल्यावर मी नाही बघितलं. इथं कुणीच बघत नाही मास्तर. सही मागितली की सही देतात."

मास्तरांनी वहीतल्या नंबरवर शिक्षकाला फोन लावला. भला माणूस होता. तब्येत उत्तम, म्हणाला. रक्त दिलं त्याच्या आदल्या आठवड्यात पोट बिघडलं होतं, पण किरकोळ. अर्जावर लिहिण्यासारखं काही नव्हतं. "माझं रक्त कुणाच्या कामी आलं का?" त्यानं विचारलं.

मास्तरांनी फोन कानापासून दूर धरला आणि मग हळूच ठेवून दिला.

६

"दार लावून घे," भाच्याच्या खोलीत शिरताना मास्तर म्हणाले.

ते उभ्यानंच बोलले. बसले असते तर पुन्हा उठले नसते.

"अकरा नंबर बिघडली. पाकिटाला भोक पडलं असेल, पेशी फुटून रक्त पातळ झालं असेल. चार आधीच गेली होती, ही दुसरी. प्रयोग बंद. तू ताईकडून त्याच गटाची चांगली पिशवी मागून घेतलीस, लेबल बदललंस, पाकिटात घातलीस. पुडी जुनीच ठेवलीस, हवा लागून मेलेली. आणि खरी अकरा नंबर फोडून, फुटलेली म्हणून ताईला दिलीस."

"बहुधा?" भाचा म्हणाला. ओठ हसत होते.

"नळी लाल आहे. तुझ्या यंत्रातून गेलेल्या रक्ताची नळीसुद्धा काळी असते. आणि पुडीनं ऑक्सिजन ओढला असता तर नळी आधी काळी झाली असती. तिच्यात रक्त ते किती, चमचाभर."

"पाकीट उघडल्यावर हवेनं लाल झाली असेल."

"मलाही तेच वाटलं. मला वाटणारच. पण पेढीतून निघाल्यावर पंधरा मिनिटांतच सिस्टरनं ती लाल पाहिली होती, आणि मिटलेल्या नळीत हवा इतक्या लवकर शिरत नाही. आणि तरी मी रंगावर थांबलो नाही. नळीवरचा आकडा त्या शिक्षकाचा आहे."

भाचा खुर्चीत बसला. त्यानं पेनाचं टोपण काढलं, लावलं.

"रक्त चांगलं होतं, मामा," तो शेवटी म्हणाला. "आठ दिवसांचं, ताजं. आईला असलं मिळालं असतं तर आपण देवाचे आभार मानले असते. कुणाचंही वाईट होणार नव्हतं. त्यात जिवाणू आहेत हे मला कसं कळणार?"

"तुला नाही. ताईला कळलं असतं." मास्तर थांबले नाहीत. "ती रोज सकाळी बघते. तिच्या कपाटात राहिली असती, तर ती पिशवी शेजारच्या लाल पिशव्यांत काळी पडलेली दिसली असती आणि कचऱ्यात गेली असती. तू ती उचलून अशा जागी ठेवलीस, जिथं काळं पडणं हा गुण आहे आणि तिनं बघणं हा गुन्हा. कपाटात एकही बी निगेटिव्ह उरली नाही, म्हणून त्या बाईला तीच मिळाली."

"मामा…"

"आणि तू ती काळी होताना पाहिलीस. दर तीन दिवसांनी. चार, सहा, आठ. आत जिवाणू ऑक्सिजन खात होते आणि तू खाली रेघा मारत होतास. ही खूण कॉलेजात मीच तुला दाखवली होती. पहिल्या वर्षी."

भाच्यानं हात तोंडावर घेतले. मग तो हातांच्या आडून, अगदी समंजस आवाजात बोलला.

"हे आकड्याचं कुणाला सांगितलंत?"

"अजून नाही."

"मग ऐका. 'रक्तदात्याच्या शरीरातले जिवाणू, कुणाचाही दोष नाही' एवढंच लिहा. यातलं एक अक्षर खोटं नाही. ताई सुटतात, मी सुटतो. ती बाई काही परत येत नाही. मामा, काम बरोबर आहे हो. गंज थांबतो. अकरा सोडून बाकीच्या बघा. हजारो लोकांच्या…"

मास्तरांनी दाराची कडी चाचपली. "मी दहा वाजता अहवाल देणार आहे. त्याआधी तू स्वतः अधीक्षकांकडे जाऊन सांगितलंस, तर तसं लिहीन."

७

ते वाक्य रात्रभर मास्तरांच्या उशाशी बसून होतं. एक अक्षर खोटं नाही. त्यांनी ते कागदावर लिहूनही पाहिलं, दिसायला छान दिसत होतं. पण त्याखाली सही केली, तर प्रयोगाच्या कपाटावरचा कागद तसाच राहणार होता, आत दहा पिशव्या, आणि त्यांच्याकडे कुणी बघायचं नाही असा हुकूम. आणि तरीही पहाटेपर्यंत त्यांना बहिणीचा मुलगा दिसत होता, कॅलेंडरवर खुणा करणारा.

सकाळी त्यांनी अहवाल चार पानी लिहिला आणि आधी ताईला वाचून दाखवला. ती उभ्यानं ऐकत होती. ऐकून झाल्यावर तिनं पदरानं चेहरा पुसला आणि म्हणाली, "एक राहिलं. मी न बघता सही केली ते."

"ते लिहिलं तर तुझ्यावरही ठपका येईल गं."

"येऊ दे. त्या दिवशी मी पिवळी पिशवी उघडली असती, तर नळीवरचा आकडा वेगळा आहे हे मला तिथंच दिसलं असतं. ती बाई आज घरी असती. लिहा मास्तर. नाहीतर उद्या मला पोरींसमोर उभं राहवणार नाही."

मास्तरांनी लिहिलं. पाचवं पान झालं.

दहा वाजता ते अधीक्षकांच्या दाराबाहेर बसले. सव्वादहापर्यंत बसले. पायऱ्यांवर पावलं वाजली की मान वर करायचे. दोनदा सफाईवाल्या बाई होत्या, एकदा टपाल. भाचा आला नाही.

अधीक्षकांनी पानं वाचली, पुन्हा पहिल्यापासून वाचली. दारावरच्या त्या कागदावर त्यांचीही सही होती.

"मास्तर, तुमचा एक डोळा पिकलेला. रंगावरून एखाद्या माणसाचं आयुष्य…"

"रंग सिस्टरनी सांगितलाय. आकडा कारखान्यानं छापलाय. वही त्याच्या हातची आहे," मास्तर म्हणाले. "यात माझं असं काही नाही. एक प्रत मी पोलिसांच्या पत्त्यावर सकाळीच टाकली. तुम्हाला ठेवून घ्यायची वेळ येऊ नये म्हणून."

ते जिना उतरले. बाकावर तो नवरा बसला होता, मांडीवर कोट, कोटावर हात. त्यानं वर पाहिलं, पण या वेळी काही विचारलं नाही. रोजच्या विचारण्यानं शब्द झिजून गेले असावेत.

मास्तर त्याच्या शेजारी बसले.

"कळलं," ते म्हणाले. "सगळं सांगतो. वेळ लागेल."

"मला कुठं जायचंय?"

"त्याआधी एक सांगायला हवं. मग तुम्हाला वाटलं तर पुढचं दुसऱ्या कुणाकडून ऐका." मास्तरांनी चष्मा काढला, आणि न पुसताच हातात धरून ठेवला. "ज्याच्यामुळे हे झालं, तो माझ्या बहिणीचा मुलगा आहे. मी त्याला वाढवलं. मीच त्याला शिकवलं."

नवऱ्यानं कोट उचलून दुसऱ्या बाजूला ठेवला आणि त्यांच्याकडे वळून बसला.

"सांगा," तो म्हणाला.